अंगणात एकच मोठं झाड लावायचंय : चिंच की रेन ट्री?

येरळाकाठ | ९ मे

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, जरा लांबेल त्याबद्दल सॉरी.

आमचं गाव खटाव तालुक्यात, वडूजच्या पुढे. आप्पा एसटीतून रिटायर झाले आणि आई-आप्पा आता कायमचे गावाकडे राहायला गेलेत. घराच्या पश्चिमेला आमचाच वीस गुंठ्यांचा तुकडा आहे, आधी ज्वारी व्हायची, आता दोन वर्षं पडून आहे. वरची फूट-दीड फूट माती काळसर, खाली नुसता मुरूम. त्या बाजूला एकसुद्धा झाड नाही त्यामुळे दुपारी दोननंतर ऊन थेट ओट्यावर येतं आणि भिंत एवढी तापते की रात्री दहाला हात लावला तरी गरम लागते. आप्पांना दुपारी बाहेर खाट टाकून पडायची सवय. आता ते खाट उचलून घराभोवती सावलीच्या मागे मागे फिरतात, मला ते बघवत नाही.

तर तिथे एक झाड लावायचंय. एकच, पण डेरेदार, खाली चार माणसं बसतील असं. दादा म्हणतो रेन ट्री लाव, त्याच्या पुण्याच्या कंपनीच्या आवारात आहेत, काही वर्षांत छत्रीसारखी पसरली. आप्पा म्हणतात चिंचच. त्यांच्या शाळेसमोर रस्त्याला चिंचा होत्या, रस्ता रुंद करताना गेल्या, ते अजून त्या एकेक झाडाची जागा सांगतात. आणि आई म्हणते दारात चिंच नको म्हणजे नको, चिंचेखाली झोपू नये, बाधतं.

पाण्याचं सांगते. विहीर आहे ४५ फूट, पण मार्चनंतर तळ दिसतो. पाऊस आमच्याकडे कमीच, एखादं वर्ष तर अख्खं कोरडं जातं. मला दोन्ही झाडांचं खरं खरं सांगा, किती वर्षांत सावली मिळेल, पाणी किती लागेल, घरापासून किती लांब लावू? आप्पा ६० चे आहेत, त्यांना त्या झाडाखाली बसायला मिळावं एवढंच मनात आहे.


बांधावरचा | ९ मे

ताई, मी बावीस वर्षं रोपवाटिकेत काढली, ही दोन्ही रोपं हजारांनी भरलीत पिशव्यांत, म्हणून लिहितो.

रेन ट्री, म्हणजे आपल्याकडे ज्याला विलायती शिरीष किंवा पर्जन्यवृक्ष म्हणतात, ते मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. ब्रिटिशांच्या काळात इकडे आलं, रस्त्याच्या कडेला आणि बागांमध्ये लावलं गेलं. वाढतं फार जोरात यात वाद नाही, पाणी आणि माती मिळाली तर पहिली काही वर्षं वर्षाला तीन-चार फूट सहज मारतं. सात-आठ वर्षांत बसण्यासारखी सावली होते. पण तुमच्या दादांनी जी झाडं बघितली ती कंपनीच्या आवारातली आहेत, तिथे लॉनला रोज पाणी पडतं आणि त्यातलं अर्धं झाडच पितं. तुमच्याकडे मार्चनंतर विहिरीचा तळ दिसतो म्हणता, तिथे हेच झाड त्या वेगाने येणार नाही हे आधी डोक्यात घ्या. शिवाय कोरड्या भागात ते उन्हाळ्याच्या तोंडाला पानं टाकतं, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी काही दिवस उघडं पडतं. मग नवीन पालवी आणि ती गुलाबी झुपक्यांची फुलं येतात, दिसायला सुंदर दिसतं, ते मान्य.

चिंच याच्या उलट. पहिली दोन-तीन वर्षं तुम्हाला वाटेल हे झाड काही करतच नाहीये. वर दोन फूट वाढेल, पण खाली मूळ सरळ पाताळात चाललेलं असतं. मुरमात शिरतं, भेगा शोधत जातं आणि एकदा खालची ओल सापडली की मग तिला तुमच्या विहिरीची गरज उरत नाही. खटाव-माणच्या माळावर ज्या जुन्या चिंचा उभ्या आहेत त्यांना कुणी पाणी घातलंय का कधी? एकच गोष्ट तिला खपत नाही, बुडाशी पाणी साचलेलं. मुरूम आहे म्हणजे निचरा होतो, तुमची जमीन चिंचेची आहे.

आता जागेचा हिशोब करू. रेन ट्री पूर्ण वाढलं की फांद्यांचा घेर या टोकापासून त्या टोकापर्यंत ८० फूट सहज होतो, १०० च्या वरपण जातो. नुसता ८० धरला तरी सावली ५००० चौरस फुटांवर, म्हणजे साडेचार गुंठे एका झाडाखाली. त्याला घरापासून निदान ५० फूट तरी ठेवा. चिंच ४० फूट घेराची धरली तर सव्वा गुंठाही पुरा होत नाही, २५-३० फुटांवर लावली तरी चालतं. सेप्टिक टँक त्या बाजूला असेल तर दोन्ही झाडं त्याच्यापासून लांब.


हरिहरेश्वर_वाडी | १० मे

मी कोकणातला, तुमच्यापेक्षा पाऊसपाणी एकदम वेगळं, तरी एक गोष्ट सांगायलाच पाहिजे.

आमच्या वाडीत गोठ्याच्या मागे रेन ट्री होतं. वडिलांनी लावलेलं, खोड दोघांच्या कवेत येणार नाही एवढं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला येऊन धडकलं. दुपारी वारा फिरला तेव्हा आम्ही सगळे माजघरात बसलो होतो, आणि एक आवाज आला, कडाड वगैरे नाही, असं जमीन उपटल्यासारखा दबका आवाज. बाहेर येऊन बघतो तर अख्खं झाड मुळासकट आडवं, मुळांची थाळी उभी राहिलेली, दहा-बारा फूट उंच, आणि त्या थाळीची जाडी माझ्या कमरेएवढीसुद्धा नव्हती. एवढ्या मोठ्या झाडाची मुळं सगळी वरच्यावर पसरलेली. आमच्याकडे पाण्याची पातळी वर असते, मूळ खाली जायला कारणच नव्हतं. गोठा गेला. गुरं आदल्या रात्री सोडवून शाळेच्या पडवीत बांधली होती म्हणून वाचली.

त्याच आवारात विहिरीजवळ चिंच आहे, आजोबांच्या आधीची. तिच्या दोन फांद्या मोडल्या. बास. सुपारी गेली, आंबे गेले, माड गेले, पूर्ण गावाच्या वाड्या झोपल्या आणि ती तशीच उभी होती. तिची फांदी धरून ओढून बघा एकदा, वाकते पण तुटत नाही. चिंचेचं लाकूड इतकं चिवट की खाटीक मांस तोडायला ठोकळा त्याचाच घेतात, उखळ-मुसळाला तेच वापरायचे. रेन ट्रीची फांदी मात्र ठिसूळ, त्यात आडवी वाढते, पावसात पानांचं वजन वाढलं की वारा नसतानापण खाली येते. ज्या झाडाखाली वडील खाट टाकून झोपणार त्या झाडाबद्दल मला तरी हे आधी बघावंसं वाटतं.


तिसरा_मजला_माटुंगा | १० मे

रेन ट्रीच्या बाजूने कुणीतरी बोललं पाहिजे म्हणून लिहितोय, कारण मी तीस वर्षं त्या झाडाच्या पानांतून रस्ता बघत आलोय.

आमच्या गॅलरीच्या बरोबर समोर रेन ट्रीची फांदी आहे. संध्याकाळी पाच-साडेपाचला पानं मिटायला लागतात. एकेक पर्णिका जोडीने समोरच्या पर्णिकेला जाऊन चिकटते, आणि अर्ध्या तासात जिथे गच्च हिरवं छत होतं तिथे आकाश दिसायला लागतं. ढगाळ दिवस असला की दुपारीच मिटतात. पावसाचं पाणी त्यामुळे सरळ खाली जमिनीवर पडतं, म्हणून या झाडाखाली गवत छान वाढतं. चिंचेखाली सहसा फार काही उगवत नाही बघा. रेन ट्री शेंगवर्गातलं झाड आहे, मुळांवर गाठी असतात, हवेतला नत्र जमिनीत आणतं. आणि शेंगा गोड असतात, आत काळा चिकट गर, गुरं आवडीने खातात. ताई, तुमच्याकडे गुरं असतील तर हा फायदा धरा. नसतील तर तोच गर चपलेला चिकटून घरभर येतो हेही सांगतो.

पण खोटं नाही बोलणार, मुंबईत साधारण दहा-बारा वर्षांपूर्वीपासून या झाडांची जी अवस्था झाली ती मी डोळ्यांनी बघितलीय. पिठ्या ढेकूण पडला. फांद्यांवर कापूस लावल्यासारखे पांढरे पुंजके, खाली उभ्या गाड्यांवर चिकट थर, मुंग्या वर-खाली, आणि मग एकेक फांदी वाळत जाते. मोठमोठी झाडं उभ्या उभ्या मेली. नुसता किडीचा दोष नाही माझ्या मते, बुंध्यापर्यंत काँक्रीट आणलं, पेव्हर ब्लॉक बसवले, मुळाला ना हवा ना पाणी, असं अशक्त झालेलं झाड किडीला बळी पडणारच. आमच्या सोसायटीने दोन झाडांभोवतीचं काँक्रीट मीटरभर फोडून घेतलं, कंपोस्ट घातलं, व्हर्टिसिलियम लेकॅनी या किडीला मारणाऱ्या बुरशीच्या फवारण्या केल्या. त्यातलं एक वाचलं, पुन्हा भरलं. दुसरं नाही वाचलं.

तर माझं मत, भरपूर मोकळी जागा, ओलावा आणि दर एक-दोन वर्षांनी फांद्या हलक्या करायला माणूस, या तीन गोष्टी असतील तर रेन ट्रीसारखं झाड नाही. तुमच्याकडे जागा आहे, बाकीच्या दोन नाहीत असं दिसतं.


येरळाकाठ | ११ मे

सगळ्यांचे मनापासून आभार. दादाला हा सगळा धागा वाचायला पाठवला, हरिहरेश्वरचं वाचून तो गप्प बसला आणि म्हणाला बरं, चिंच.

पण आता आईचं काय करू? ती तिच्या लहानपणीच्या गोष्टी सांगते, चिंचेखाली कोण कोण झोपलं आणि आजारी पडलं वगैरे. मला तिला खोटं पाडायचं नाहीये. आणि दुसरं, नर्सरीत विचारलं तर तो म्हणाला कलमी चिंच घ्या, लवकर धरते. एका ठिकाणी तर चिंच म्हणून मला विलायती चिंचेची रोपं दाखवली, ती जलेबीसारख्या वळलेल्या शेंगांची, आप्पांनी पान बघून लगेच ओळखलं. कलम घ्यावं का?


लातूरची_मावशी | ११ मे

बाळा, आईंचं मला समजतं. आमच्याकडंही म्हणायचे, आवसेला चिंचेखालून जायचं नाही. मी लग्न होऊन आले ते घर चिंचेखालीच, परसात दोन झाडं, पस्तीस वर्षं झाली. बाळंतपणात खाट तिथंच असायची दिवसा. काही बाधलं नाही कुणाला. रात्री सगळीच झाडं माणसासारखा श्वास घेतात, चिंचच एकटी नाही, आणि उघड्यावर त्याचं काही होत नसतं. तरी आईंना पटवत बसू नका. त्यांना सांगा दिवसा खाली बसायचं, रात्री ओट्यावर झोपायचं. आणि हेही सांगा की ग्वाल्हेरला तानसेनाच्या समाधीजवळ चिंच आहे आणि गवई लोक मुद्दाम जाऊन तिची पानं खातात, आवाज चांगला होतो म्हणून. ज्या झाडाचं पान गवयी प्रसादासारखं खातात ते वाईट कसं असेल.

खरं तर आईंना झाडाशी जोडा. पहिला कोवळा पाला खुडून त्यांच्या हातचं वरण होऊ द्या. गाभुळलेली चिंच पहिल्यांदा त्यांच्या हातात द्या. आमच्याकडं माघ-फाल्गुनात झाडं झोडपली की सगळ्या बाया परसात बसतात, टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, चिंचोके वेगळे, मीठ लावून गोळे करून बरणीत. हात आंबट होतात, नखं काळी पडतात, पण त्या आठ दिवसांत जेवढ्या गप्पा होतात तेवढ्या वर्षात होत नाहीत. जास्तीची लातूर-बार्शीच्या बाजारात जाते. कोणी झाड उक्तं देतं व्यापाऱ्याला, मी देत नाही, ते फांद्या मोडून ठेवतात.

कलमाचं म्हणाल तर, विकायला लावायची असती तर मी कलमच घ्या म्हणाले असते. आमच्या भागात प्रतिष्ठान म्हणून जात लावतात, औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) फळ संशोधन केंद्रातली. चार-पाच वर्षांत फळ येतं. बी लावून केलेलं झाड आठ-दहा वर्षं घेतं, कधी त्याहून जास्त. पण तुम्हाला फळाआधी सावली पाहिजे.

अजून एक, लावायच्या आधीच माहीत असू द्या. आपल्या राज्यात १९६४ च्या झाडं तोडण्याच्या कायद्यात जी झाडं यादीत आहेत त्यात आंबा, फणस, मोह, जांभूळ यांच्याबरोबर चिंचपण आहे. स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणून जागा अशी निवडा की पुढं कधी खोली वाढवायची झाली, गाडीला रस्ता काढायचा झाला तरी तिला हात लावायची वेळ येणार नाही.


बांधावरचा | १२ मे

मावशींनी कलमाचं बरोबर सांगितलं. मी एक पाऊल पुढे जाऊन म्हणतो, ताई रोपसुद्धा आणू नका. चिंचोका जागेवरच लावा.

कारण सांगतो. चिंचेचं रोप वीतभर दिसतं तेव्हा मूळ पिशवीच्या तळाला टेकून वळलेलं असतं. वर्षभर पिशवीत राहिलेलं रोप काढून बघा, तळाशी मूळ स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं दिसेल. ते तसंच खड्ड्यात गेलं तर सोटमूळ सरळ खाली जायचं राहतं, आणि तुम्हाला चिंच लावायची ती त्या सोटमुळासाठीच. जागेवर उगवलेलं झाड पहिल्या वर्षी बुटकं दिसेल पण तिसऱ्या-चौथ्या वर्षी नर्सरीतल्या रोपाला मागे टाकतं, हे मी स्वतः शेजारी शेजारी लावून बघितलंय.

खड्डा आत्ता मे महिन्यातच घ्या, तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल. तळाला पहार मारून मुरूम अजून फूटभर सैल करा. पंधरा दिवस तसाच उन्हात तापू द्या. मग वरची काळी माती, दोन-तीन पाट्या चांगलं कुजलेलं शेणखत आणि किलो-दोन किलो निंबोळी पेंड असं मिसळून भरा, जमिनीपेक्षा थोडा उंच, कारण पावसाने खचतो. चिंचोके दिवसभर पाण्यात भिजवा. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की खड्ड्यात तीन चिंचोके इंचभर खोल लावा, वीतभर अंतराने. तिन्ही उगवले तर सर्वांत जोमदार एक ठेवायचा, बाकीचे उपटायचे नाहीत, कात्रीने बुडात कापायचे, नाहीतर शेजारच्याचं मूळ हलतं.

पाण्याचं म्हणाल तर पहिले दोन उन्हाळे काढायचे आहेत फक्त. दोन मडकी घ्या, बुडाला बारीक भोक पाडून कापडाची वात घाला आणि रोपापासून दीड फुटावर गळ्यापर्यंत पुरा. आठवड्यातून दोनदा भरली की झालं, भांडी धुतलेलं पाणी चालेल, साबणाचं नको. वर उसाचं पाचट पसरा पण खोडाला चिकटवू नका, वाळवी लागते. दरवर्षी मडकी थोडी थोडी लांब सरकवा, मूळ पाण्याच्या मागे जातं.

आणि एक बारीक गोष्ट जी बरेच जण चुकतात. मे महिन्यात सूर्य आपल्याकडे बरोबर पश्चिमेला मावळत नाही, उत्तरेकडे सरकलेला असतो. तुम्हाला उन्हाळ्यातली भिंत वाचवायचीय, म्हणून झाड घराच्या नेमक्या पश्चिमेला न लावता थोडं वायव्येकडे घ्या. उद्या संध्याकाळी चार वाजता ओट्यावर उभं राहून सूर्याकडे सरळ हात करा, त्या रेषेवर भिंतीपासून तीस फूट मोजा आणि तिथे खुंटी ठोका.

आता आप्पांच्या सावलीचं. चिंचेला खाट टाकण्याइतकी सावली यायला दहा-बारा वर्षं लागतील, हे मी लपवणार नाही. म्हणून तोपर्यंत ओट्यापासून दहा फुटांवर शेवग्याच्या तीन-चार फांद्या नाहीतर रोपं लावा. वर्षात पुरुषभर उंचीच्या वर जातो, पाणी कमी लागतं, सावली विरळ असते पण भिंतीवरचं ऊन तुटतं, वर शेंगा. त्याला जोडून बांबूचा मांडव करा, पावसाळ्यात घोसाळी-दुधी चढवा, उन्हाळ्यात वर शेडनेट किंवा उसाचं वाडं टाका. चिंच मोठी झाली की शेवगा काढून टाकता येतो, त्याचं काही वाटत नाही.


येरळाकाठ | २८ जून

धाग्यावर परत आले, उशीर झाला पण करूनच मग लिहायचं ठरवलं होतं.

त्या दिवशी चार वाजता आप्पा खरंच ओट्यावर हात लांब करून उभे राहिले. मी पट्टी धरली, दादा व्हिडिओ कॉलवर होता. खुंटी जिथे आली ती जागा आम्ही मनात धरलेल्या जागेपासून चांगली बारा फूट उत्तरेला. खड्डा घेताना दोन फुटांनंतर पहारच वापरावी लागली, गड्याला दीड दिवस लागला.

आईचं सांगायचं राहिलं. मी मावशींचं सगळं तिला वाचून दाखवलं, तानसेनाचंसुद्धा. ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी बघते तर देवघराच्या कोनाड्यात वाटीत चिंचोके भिजत घातलेले, बरणीतल्या जुन्या चिंचेतले निवडून, आणि म्हणे आप्पांच्या शाळेच्या रस्त्याला एक झाड अजून राहिलंय ओढ्याच्या वळणावर, त्याची चिंच आहे ही, गेल्या वर्षी आत्याने दिलेली. मला हे माहीतच नव्हतं.

१३ तारखेला पाऊस झाला, १६ ला पुन्हा. १७ ला लावले तीन. काल सकाळी दोन वर आलेत, जाड हिरव्या दोन डाळी आणि मधून बारीक पानांची पिसं. तिसरा अजून नाही. शेजारच्या बांधावरून शेळ्या येतात म्हणून आप्पांनी बोरीच्या काट्यांचं कुंपण केलंय चारी बाजूंनी. शेवगा चार फांद्या लावल्या, तीन फुटल्या. मांडवाचे बांबू या रविवारी.

दोन्ही रोपं सारख्याच उंचीची आहेत, बांधावरचा दादा, यातलं कुठलं ठेवायचं ते कधी ठरवू? आई म्हणते दोन्ही राहू दे.


बांधावरचा | २८ जून

पुढच्या पावसाळ्यापर्यंत दोन्ही राहू द्या ताई. आणि तिसऱ्याची अजून आठ दिवस वाट बघा, चिंचोक्याचं टरफल जाड असतं, एखादा उशिराने येतो.